बारा जणांना काय सांगू

मुकादम: ...तसं नाही गं, अर्थ मला साधारण कळलाय. साधारण कळून भागत असतं, तर दोन जिने चढून तुझ्या वर्गापर्यंत कशाला आलो असतो?

बाई: आधी बसा काका. त्या बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. खुर्चीवर बसा.

मुकादम: मास्तरणीच्या खुर्चीवर? नको गं बाई. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी जे काय येतं ते साहेबांच्या शिव्या ऐकून आलेलं. पोरं बघतील तर हसतील.

बाई: पोरं केव्हाच गेली. अर्धा तास झाला शाळा सुटून. कागद द्या इकडे.

मुकादम: देतो. पण त्याआधी एक सांग. 'लेट गो' आणि 'ले ऑफ'. दोन्ही एकच ना?

बाई: एकच नाहीत.

मुकादम: म्हणजे नोकरी जाते, एवढं तर एकच?

बाई: जाते, पण कशी जाते त्यात फरक आहे. 'ले ऑफ' म्हणजे काम नाही म्हणून माणसाला घरी बसवणं. पूर्वी तर थोड्या दिवसांसाठीच म्हणायचे, काम आलं की परत बोलवायचे. आता कायमचं काढायलाही तोच शब्द वापरतात. पण दोष माणसाचा नाही, कामाचा आहे, एवढं त्यात असतं.

मुकादम: आणि दुसरा?

बाई: 'लेट गो' म्हणजे शब्दशः जाऊ देणं. जसं काही तो माणूसच दाराशी उभा राहून जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत होता, आणि यांनी मोठ्या मनानं जाऊ दिलं. चूक केली म्हणून काढलं की काम नाही म्हणून, तेही त्यात सांगत नाहीत. आणि परत बोलावणं वगैरे काही नाही.

मुकादम: म्हणजे हाकलणंच, फक्त दार हळू लावायचं. आवाज नको व्हायला.

बाई: तसंच म्हणा.

मुकादम: बघ, आपल्याकडे किती सोय आहे. नारळ दिला, डच्चू दिला, घरी बसवलं, हाकललं, कामावरून कमी केलं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं कुठली काठी कुठे बसली ते.

बाई: 'कमी केलं' हा तरी कुठे सरळ शब्द आहे? माणूस काय डाळीतलं मीठ आहे, कमी करायला? कागद, काका.

मुकादम: हा घे. काल संध्याकाळी मालकाच्या पोरानं दिला. हल्ली तोच बघतो सगळं. म्हणाला, मुकादम, तुम्हाला इंग्रजी समजतं, कारखाना उघडला की वरच्या मजल्यावरच्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. आज मालकाच्या घरी लग्न म्हणून कारखाना बंद होता, म्हणून एक दिवस मिळाला मला. नाहीतर आज सकाळीच सांगावं लागलं असतं.

बाई: वरचा मजला म्हणजे इस्त्रीचा?

मुकादम: हो. खाली धुलाईची यंत्रं, वर इस्त्री. शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी आमच्याकडे येतात. आता नवं यंत्र आलंय. लांबलचक रूळ आहे, एका बाजूनं ओली चादर घाल, दुसऱ्या बाजूनं वाळून, इस्त्री होऊन, घडी पडून बाहेर. घडी मात्र तिरकी पडते, मी बघितलंय. पण तिरकी घडी रुग्णाला थोडीच टोचते.

बाई: आणि लोक किती?

मुकादम: बारा. माझ्या हाताखालचे सगळे. एक कडक मावशी आहे, तिची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून. दोघी सख्ख्या जावा आहेत, चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, पण एका चादरीची दोन टोकं त्याच धरतात. दुसऱ्या कुणाबरोबर दोघींची घडी जमतच नाही. एकीला पाचवा महिना आहे... काय गं? थांबलीस का? अक्षर लागत नाही?

बाई: छापील आहे. लागतंय.

मुकादम: मग वाच ना मोठ्यानं.

बाई: 'लेट गो'च आहे. नव्या यंत्रामुळे इस्त्री विभागातल्या बारा जणांना कंपनी जाऊ देत आहे, उद्यापासून. त्यांच्या सेवेबद्दल आभार.

मुकादम: आणि खाली माझ्याबद्दल आहेत ना दोन ओळी?

बाई: आहेत. त्या नंतर बघू. आधी बारा जणांचं.

मुकादम: हां, आधी त्यांचंच. मला काय वाटतं, त्यांना सांगावं, सध्या यंत्राची चाचणी चाललीय, तुम्ही थोडे दिवस आराम करा, मग बघू...

बाई: यात तसं कुठे लिहिलंय?

मुकादम: लिहिलेलं नाही. पण सांगताना माणसानं जरा...

बाई: जरा काय?

मुकादम: काही नाही.

बाई: काका, तुम्ही या कागदासाठी एवढा जीव का आटवताय तेच मला कळत नाही. शब्द मालकाचा, निर्णय मालकाचा. त्याला म्हणावं, ये आणि सांग स्वतः.

मुकादम: मागच्या वेळी मी सांगितला होता.

बाई: मागच्या वेळी म्हणजे कधी?

मुकादम: बाटल्यांच्या कारखान्यात. तुझे बाबा आणि मी तिथं होतो तेव्हा.

बाई: तेव्हा तर कंपनीनं फसवलं होतं तुम्हाला. ले ऑफ म्हणाले आणि कधी बोलावलंच नाही.

मुकादम: कंपनी ले ऑफ म्हणाली नव्हती.

बाई: म्हणजे?

मुकादम: तू कॉलेजात होतीस, वसतिगृहावर. तुला जे कळलं ते घरच्यांकडून कळलं, आणि घरच्यांना जे कळलं ते माझ्याकडून. त्या दिवशी सकाळी मॅनेजरनं मला आत बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या हातातल्या कागदावर हाच शब्द होता. लेट गो. मग मी चाळीस माणसांपुढं आवारात उभा राहिलो आणि म्हणालो, ले ऑफ झालाय.

बाई: तुम्हाला फरक माहीत नव्हता. तुमची काय चूक त्यात? काका, माहीत नव्हता ना?

मुकादम: इतकी वर्षं मी हेच म्हणत आलो. बायकोलाही हेच सांगितलं, इंग्रजीत गल्लत झाली. पण मॅनेजर भला माणूस होता गं, त्यानं मला दोनदा समजावलं होतं. हातानं करून दाखवलं होतं, असं, मूठ उघडून. फिनिश, म्हणाला. भट्टी विझवणार आहोत. काचेची भट्टी एकदा थंड झाली की आतली काच दगड होते, ती पुन्हा पेटवत नाहीत, पाडतात. हे मला कुणी सांगायला नको होतं.

बाई: मग तुम्ही...

मुकादम: त्याच्या दोन वर्षं आधी भट्टीच्या दुरुस्तीसाठी सहा आठवडे खरोखरचा ले ऑफ झाला होता. तेव्हा सगळ्यांना परत बोलावलं होतं. म्हणून तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. मी आवारात गेलो, चाळीस तोंडं माझ्याकडं बघत होती. तुझे बाबा पहिल्या रांगेत, भट्टीवरून तसेच आलेले, भुवया जळलेल्या. माझ्या तोंडून निघालं, ले ऑफ. आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले बघ. कुणीतरी हसलंसुद्धा. तुझ्या बाबांनी विचारलं, बोलावतील ना रे? मी म्हणालो, बोलावतील की.

बाई: मग नंतर का नाही सांगितलंत?

मुकादम: सांगितलं. आठवड्याभरात एकेकाला गाठून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी गळ्यात पडलं. एकोणचाळीस जणांना सांगितलं.

बाई: आणि बाबांना?

मुकादम: रोज ठरवायचो. तुमच्या दारापर्यंत यायचो. ते अंगणात बसून कामाचे बूट पुसत असायचे. मला बघून म्हणायचे, काय, आली का वर्दी? मी म्हणायचो, अजून नाही. एकदा 'अजून नाही' म्हटलं की दुसऱ्या दिवशी 'कधीच नाही' म्हणता येत नाही. मला वाटलं, इतर लोक सांगतीलच. इतरांना वाटलं, एवढा जिवलग दोस्त, यानं सांगितलंच असेल.

बाई: एकाही माणसानं सांगितलं नाही?

मुकादम: पाचसहा महिन्यांनी एकानं सांगितलं. तर तुझे बाबा त्याच्याच अंगावर गेले. मुकादम मला खोटं सांगेल का, म्हणाले.

बाई: आईच्या ओळखीनं शाळेत पहारेकऱ्याची जागा आली होती त्यांना. नाही म्हणाले.

मुकादम: माहीत आहे.

बाई: टाइल्सच्या कारखान्यातूनही बोलावणं होतं. तेही नको. भट्टी पेटली आणि मी दुसरीकडे असलो तर, म्हणायचे. आई मला फोन करून रडायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अंघोळ करून, ते बूट घालून फाटकापर्यंत जाऊन यायचे. अकरा महिने.

मुकादम: फाटकावरच्या गुरख्याला मीच सांगून ठेवलं होतं, त्यांना दुखवू नकोस म्हणून.

बाई: मी काय म्हणाले होते त्यांना, माहीत आहे तुम्हाला?

मुकादम: कुणाला?

बाई: बाबांना. मी सुट्टीला घरी आले होते, दहावा महिना होता. त्या सकाळी ते बूट घालत होते. मी म्हणाले, तुम्हाला कुणी बोलावणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्हाला काम करायचंच नाही, म्हणून हे नाटक. आळशी आहात तुम्ही. असं म्हणाले मी.

मुकादम: अगं...

बाई: ते काही बोलले नाहीत. बुटाची नाडी बांधत राहिले. मी दुसऱ्या दिवशी वसतिगृहावर परत गेले. पुढच्या महिन्यात आईचा फोन आला, रात्री झोपेतच गेले म्हणून. नऊ वर्षं झाली. मी नऊ वर्षं स्वतःला समजावत आले की ते हट्टी होते, भोळे होते, त्यांना जग कळत नव्हतं. आणि ते फक्त मित्राच्या शब्दावर विसंबून बसले होते.

मुकादम: मला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे. मी ऐकून घेतो.

बाई: तुम्हाला बरं वाटेल त्यानं. मला नाही वाटणार.

मुकादम: म्हणूनच मी तुमच्या घरी यायचं सोडलं. रस्त्यात तुझी आई दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायचो. तिला वाटायचं, मला ओळख राहिली नाही. जाऊ का मी आता?

बाई: कागद इथेच टाकून?

मुकादम: तो राहू दे. उद्या मालकाच्या पोराला सांगतो, मला जमणार नाही.

बाई: मग तो कुणालाही उभं करेल. किंवा भिंतीवर चिकटवेल इंग्रजीतच. आणि त्या कडक मावशी कुणाला तरी विचारतील, आणि तो कुणीतरी म्हणेल, थोड्या दिवसांची सुट्टी आहे. बसा, काका. तुमच्यावरचा राग जागच्या जागी आहे, त्याचं काय करायचं ते मला आज ठरवता येणार नाही. पण उद्या सकाळी बारा माणसं उभी राहणार आहेत, आणि ती तुमच्याच तोंडाकडे बघणार. त्यांचं आधी नीट करू. सांगा, काय सांगणार?

मुकादम: सांगेन, मंडळी, यंत्र आलंय, काळ बदललाय, आपण एवढी वर्षं एकत्र काढली...

बाई: तोवर त्यांचा जीव टांगणीला. आधी बातमी, मग काळ.

मुकादम: मंडळी, तुम्हाला आता थोडी विश्रांती...

बाई: विश्रांती नाही.

मुकादम: तुम्हाला मोकळं केलंय.

बाई: मोकळं तर कैद्याला करतात. ऐकणाऱ्याच्या मनात काय असतं तेवढंच बघा ना. माझं काम गेलं का? परत बोलावतील का? माझं काय चुकलं?

मुकादम: आजपासून... आजपासून तुम्हा बारा जणांना इथे काम नाही. परत बोलावणार नाहीत. आणि... तुमच्या हाताला खोट नाही. यंत्र आलं म्हणून गेलं.

बाई: बोलावतील ना पण, मुकादम? यंत्र बिघडलं तर?

मुकादम: तू माझी परीक्षा घेतेस होय?

बाई: उद्या कुणीतरी विचारणारच. पहिल्या रांगेतूनच विचारेल. सांगा.

मुकादम: नाही बोलावणार. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करतील. तुम्ही माझ्या शब्दावर थांबू नका. आजच दुसरीकडे बघायला लागा.

बाई: हां.

मुकादम: एवढंच होतं गं. एवढंसं वाक्य.

बाई: एवढंच होतं.

मुकादम: तेव्हा म्हणालो असतो तर तुझे बाबा दहा मिनिटं रडले असते. संध्याकाळपर्यंत टाइल्सच्या कारखान्यात जाऊन आले असते, तसे ते कामाला धरून होते... चल. लिहून दे मला हे वाक्य, घडी करून खिशात ठेवतो. आणि ते खालचं, माझ्याबद्दलचं, ते तर मलाच लागलं. पहिल्यांदा पूर्ण वाक्य लागलं इंग्रजीतलं!

बाई: काय लागलं?

मुकादम: 'स्टेप डाउन' आहे ना? स्टेप म्हणजे पायरी, डाउन म्हणजे खाली. वरचा मजला बंद झाला, आता मला खालच्या मजल्यावर घेणार, धुलाईकडं. मान जरा कमी होईल, मुकादमकी नसेल. पण जिने चढणं वाचेल. काल बायकोला सांगितलं तर केवढी खूश झाली. गुडघ्यांचं देवानं ऐकलं म्हणाली. शेजारणीला सांगून आली... असं काय बघतेस?

(ती कागदाची घडी घालते, पुन्हा उलगडते.)

बाई: काका, मला दोन मिनिटांपूर्वीपर्यंत वाटत होतं, हे तुम्हाला सांगूच नये. एकतीस तारखेला कळेलच, असं म्हणत होते मनात.

मुकादम: काय कळेल?

बाई: 'स्टेप डाउन' म्हणजे खालच्या मजल्यावर जाणं नाही. म्हणजे पायउतार होणं. पद सोडणं. एकतीस तारखेनंतर तुम्हालाही तिथे काम नाही.

मुकादम: पायउतार तर मंत्री होतात.

बाई: हो. मोठ्या माणसांचा शब्द आहे.

मुकादम: पण पायउतार आपणहून होतात ना? मी कुठं काय म्हणालो? मी राजीनामा दिलेला नाही, अर्ज दिलेला नाही.

बाई: म्हणूनच तो शब्द घातलाय. वाचणाऱ्याला वाटावं, तुम्हीच उतरलात. कुणी उतरवलं ते दिसायला नको.

मुकादम: खाली काहीतरी जागा असेल. उद्या विचारतो त्याला. धुलाईत दोन माणसं कमीच आहेत, त्यांना लागेलच की कुणीतरी...

बाई: विचारा जरूर. पण या कागदात तसं काही नाही. मी तीनदा वाचलं.

मुकादम: तीनदा?

बाई: तुम्ही बारा जणांचं सांगत होतात तेव्हा.

मुकादम: म्हणून थांबली होतीस मगाशी.

बाई: हो.

मुकादम: आणि मग एवढा वेळ माझ्याकडून त्यांचं वाक्य घोकून घेत होतीस.

बाई: कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

मुकादम: ...कळत नाहीच. जीभ टाळूला चिकटते ना अगदी?

बाई: चिकटते.

मुकादम: तरी बोललीस. तुला तर माझ्यासाठी एवढं करायचं काही कारण नव्हतं. एकतीस तारखेपर्यंत गंमत बघता आली असती तुला.

बाई: गंमत नव्हती त्यात काही.

मुकादम: एकोणसाठ वर्षांच्या माणसाला आता कोण ठेवून घेणार?

बाई: मला माहीत नाही. कुणीतरी ठेवेल असं मी म्हणणार नाही. शाळेत सध्या जागा नाही, तेही सांगते. झाली तर मात्र सांगायला स्वतः येईन.

मुकादम: बरं.

बाई: पाणी देऊ?

मुकादम: दे... आता घरी जाऊन काय तोंड दाखवू? तिला म्हणावं तरी काय, कालचं खोटं होतं?

बाई: खोटं नव्हतं. तुम्हाला तसं वाटलं होतं. ते खोटं वेगळं आणि हे वेगळं.

मुकादम: तिला काय फरक पडतो? उद्या आधी ते बारा जण तरी होऊन जाऊ देत. मग दोन दिवसांनी, तिचा मूड बघून...

बाई: काका.

मुकादम: हो. हो, कळलं.

बाई: मी येते तुमच्याबरोबर.

मुकादम: येऊन काय करणार?

बाई: काही नाही. नुसती येते. वर्गाला कुलूप लावू दे फक्त.

मुकादम: नऊ वर्षांनी तुला दारात बघितलं की ती आधी तुलाच धरून बसवेल. कशी आहेस, आई कशी आहे, सुरूच होईल तिचं. मग मला सांगता येणार नाही. एकदा बसलो की संपलं. मी चपला काढायच्या आत सांगून टाकतो.

बाई: मग मीही नाही काढत चपला. दारातच उभी राहते.